अमिनाबीचा अभिप्राय

रियाजला पोलीस ठाण्यात अमिनाबीनं स्वतः नेलं होतं. पुढे गल्लीतले लोक, नातेवाईक, वकीलसुद्धा "पोलिसांनी उचलला तेव्हा" असं म्हणायला लागले की ती मध्येच थांबवायची. "उचलला नाही हो. मी घेऊन गेले."

स्वारगेटच्या अलीकडच्या दाट वस्तीत तिचं दोन खोल्यांचं घर होतं. तिचा नवरा अकबर एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता. तो अचानक गेला तेव्हा रियाज शाळेत होता. अमिनाबीनं महापालिकेच्या बालवाडीत नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत केली. अर्ध्या गल्लीनं तिच्याकडे मुळाक्षरं गिरवलेली, त्यामुळे तिच्या शब्दाला वजन होतं. एका वर्षी मिरवणुकीवरून दगडफेक झाली, दुकानांची शटरं धडाधड खाली आली, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी दोनच माणसं उभी राहिली होती. आतल्या पोरांना नावानिशी हाका मारून घरी पिटाळणारी अमिनाबी आणि बाहेरच्यांना अडवणारा बीटचा हवालदार, जयसिंग. जयसिंगच्या कपाळाला दगड लागला. अमिनाबीनं त्याला घरात नेलं आणि जखमेवर हळद दाबली. त्या दिवसापासून तो तिचा जयसिंगभाऊ झाला आणि ती त्याची भाभी.

नंतर पोलिसांनी शांतता कमिटी नेमली, तिच्यात अमिनाबीचं नाव आलंच. ठाण्याच्या भिंतीवर एक मोठा फलक होता. अटक करताना पोलिसांनी काय केलंच पाहिजे, ते त्यावर लिहिलेलं: कारण सांगायचं, घरच्यांना कळवायचं, वकिलाला भेटू द्यायचं, डॉक्टरकडून तपासून घ्यायचं, चोवीस तासांच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करायचं. एका बैठकीनंतर अमिनाबीनं तो सगळा उतरवून घेतला आणि वस्तीतल्या बायकांना जमवून वाचून दाखवला. "बघा, कायदा पोलिसांनाही असतो," असं ती म्हणाली, आणि फलक आपणच लावल्यासारखा तिला त्याचा अभिमान वाटला.

दरवर्षी वरून एक अधिकारी येई आणि वस्तीतल्या लोकांना विचारी, तुमचं पोलीस ठाणं कसं काम करतं? नागरिकांचा अभिप्राय म्हणत त्याला. बाकीचे एकमेकांकडे बघत बसत, अमिनाबी उठून उभी राही. "आमचे पोलीस चांगले आहेत. बोलावलं की येतात, नीट बोलतात." अधिकारी मान डोलावी, आणि मागे उभा असलेला जयसिंग खूश होई.

वस्तीत एकच बाई वेगळं सांगायची, कोपऱ्यावर भाजी विकणारी बायडाबाई. तिचा मुलगा बजरंग लहानपणी एकदा तांब्याच्या तारा चोरताना सापडला होता. त्यानंतर भागात काहीही हरवलं की बजरंगला नेत आणि काही दिवसांनी सोडून देत. एकदा ती अमिनाबीच्या दारात आली. "ताई, तुमचं ऐकत्यात ते. पोराला पाय टेकवंना झालाय." अमिनाबीनं तिला पाणी दिलं आणि म्हणाली, "उगाच कुणाला नेत नाहीत गं. त्याला जरा चांगल्या संगतीत ठेव." पाणी न पिताच बायडाबाई निघून गेली होती.

रियाज मोठा झाला आणि बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत, दुरुस्तीचं टेबल घेऊन बसू लागला. अॅम्प्लिफायर, मिक्सर, मोठे स्पीकर ही त्याची कामं. मंडळवाले त्याच्याकडे लांबून यायचे, कारण तो मशीन उघडायच्या आधी डोळे मिटून नुसतं ऐकायचा आणि बिघाड कुठे आहे ते सांगायचा. घरातसुद्धा शेजारच्या पंख्याचं बेअरिंग जाणार आहे, हे त्याला भिंतीआडून कळायचं. त्याची बायको जैनब त्याला हसायची. त्या वर्षी, करोनाच्या आधी, जैनबला सहावा महिना चालू होता.

सकाळी रियाज नाश्ता करत असताना जयसिंग दारात आला. चप्पल न काढताच उभा राहिला.

"भाभी, बुधवारातल्या एका साउंडच्या दुकानातून दोन मिक्सर गेलेत. महागाचे हायत. रियाज आदल्या दिवशी तिथं दुरुस्तीला गेला होता, कॅमेऱ्यात पिशवी घेऊन जाताना दिसतोय. साहेबांना दोन प्रश्न विचारायचेत, बाकी काय न्हाई."

"पिशवीत माझी हत्यारं होती," रियाज म्हणाला. "आणि चौकशीला बोलवायचं तर नोटीस देतात ना? अम्मीच सांगतात सगळ्यांना."

"अरे, नोटीस परक्या माणसाला. तू आपला हायस."

रियाज उठला नाही. "मी वकिलाला विचारतो आणि मग येतो, काका."

जयसिंगनं अमिनाबीकडे पाहिलं. अमिनाबीला त्या नजरेची लाज वाटली. इतकी वर्षं ज्या माणसानं आपल्या घरी चहा घेतला, त्याच्यावर आपला मुलगा विश्वास ठेवत नाही, असं तिला वाटलं. "रियाज, चल," ती म्हणाली. "घरात बसून राहिलास तर लोक काय समजतील? मी आहे ना सोबत."

तो गेला. रस्ताभर तो तिच्याशी बोलला नाही.

ठाण्याचे निरीक्षक सर्जेराव त्या वर्षी नवीन आले होते. चटपटीत माणूस. त्यांनी ठाणं रंगवून घेतलं होतं, आवारात कुंड्या ठेवल्या होत्या. शहरातल्या उत्कृष्ट पोलीस ठाण्याच्या स्पर्धेत त्यांना पहिलं यायचं होतं आणि किती गुन्हे उघडकीस आणले यावर बरेच गुण होते. चोऱ्यांचा आकडा मागे पडला होता. हे अमिनाबीला नंतर कळलं. त्या सकाळी तिला फक्त एवढंच दिसलं, की साहेबांनी उठून तिला खुर्ची दिली.

"या, ताई. तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. बसा. चहा सांगतो." रियाजला एक शिपाई आत घेऊन गेला. चहा आला, आलं घातलेला. अमिनाबीनं तो घेतला. पावसाळ्यात वस्तीत तुंबणाऱ्या पाण्यावर साहेब बोलले. मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, "तुम्ही घरी जा, ताई. आम्ही पाठवून देतो त्याला."

दुपारी ती डबा घेऊन परत गेली. साहेब बाहेर गेले होते. जयसिंगला मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्तावर पाठवलं होतं. समोरच्या टेबलावरचा अंमलदार म्हणाला, "त्याला तपासाला बाहेर नेलंय."

"कुठे?"

"ते मला सांगत नाहीत, ताई."

"अटक केलीय का?"

"छे हो! अटक कुठे? चौकशी चाललीय. डबा ठेवा इथे."

बाकावर बसल्यावर समोरच तो फलक होता. अटक केलेल्या व्यक्तीला हे, अटक केलेल्या व्यक्तीला ते. अमिनाबीनं तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पुन्हा वाचला आणि तिच्या लक्षात आलं, की रियाजला अटक केलेलीच नाही, त्यामुळे यातलं एकही वाक्य त्याच्यासाठी नाही. तरी ती ओरडली नाही. तिथले सगळे तिला ओळखत होते. आरडाओरडा करणाऱ्या बायका तिनं त्याच बाकावर पाहिल्या होत्या, आणि आपण तशा नाही, असं तिला नेहमी वाटत आलं होतं. संध्याकाळी ती घरी आली. डबा तिथेच राहिला.

दुसरा दिवसही तसाच गेला. साहेब भेटले, हसले. "उद्या नक्की, ताई." जैनबनं दिवसभर काही खाल्लं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बुरखा घालून दारात उभी राहिली.

"मी वकिलाकडे चाललेय. तुम्ही येता का?"

"थांब जरा. जयसिंगभाऊ आज बंदोबस्तावरून येतील. वकील गेला की हे लोक बिथरतील. आपलं इतक्या वर्षांचं..."

"आपलं नाही, तुमचं," जैनब म्हणाली. "तुम्हाला त्यांचं मन मोडायची भीती वाटते, अम्मी. माझा नवरा आत आहे."

अमिनाबी चप्पल घालून तिच्या मागोमाग निघाली.

सदाशिव पेठेत अॅडव्होकेट वासंती यांचं ऑफिस एका दवाखान्याच्या वर होतं. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, कोरड्या बोलण्याच्या बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अटक नाही म्हणतात? मग मुलगा तिथे पाहुणा म्हणून राहिलाय का? पाहुण्याला घरी एक फोन तरी करू देतात." त्यांनी चष्मा काढला. "पहिल्या दिवशी का नाही आलात?"

अमिनाबी जैनबकडे बघायला लागली.

वासंतीबाईंनी तासाभरात कोर्टात रियाजला हजर करा असा अर्ज लावला आणि ठाण्यात फोन करून तसं सांगितलंही. त्याच संध्याकाळी घरी शिपाई आला. रियाजला आत्ता अटक झाली आहे, उद्या शिवाजीनगरला कोर्टात हजर करणार आहोत. म्हणजे त्याआधीचे दिवस कुठेच नव्हते. तो घरीच होता, असं समजायचं.

कोर्टात गर्दी होती. नंबर पुकारल्यावर रियाजला आणलं. अंगावर घरून घातलेलाच शर्ट होता. चेहऱ्यावर माराची खूण नव्हती. अमिनाबीला आधी हायसं वाटलं. तो सरळ चालत होता, फक्त मान थोडी वाकडी धरली होती, मान अवघडल्यावर माणूस धरतो तशी.

न्यायाधीश तरुण होते. कागद वाचून त्यांनी मान वर केली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "पोलिसांनी मारहाण केली का? त्यांच्याविरुद्ध काही तक्रार आहे?"

रियाजनं त्यांच्याकडे पाहिलं. मग शेजारच्या शिपायाकडे पाहिलं. शिपायानं मान हलवली तशी त्यानंही नकारार्थी हलवली.

"तक्रार नाही," न्यायाधीशांनी कारकुनाला सांगितलं.

मागच्या बाकावरून अमिनाबी उठली. कोर्टात असं बोलायचं नसतं हे तिला माहीत होतं. "रियाज!" तिनं हाक मारली. सगळी खोली वळून तिच्याकडे बघायला लागली. वकील, पट्टेवाला, पोलीस, खुद्द न्यायाधीश. रियाज तेवढा पुढेच बघत उभा होता. "रियाज, बेटा!" तो वळला नाही.

वासंतीबाई उठल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "महोदय, माझ्या अशिलाला प्रश्नच ऐकू आलेला नाही. कृपया नोंद घ्यावी."

न्यायाधीशांनी त्याला जवळ बोलावलं, खुणेनं. कागदावर मोठ्या अक्षरात प्रश्न लिहून त्याच्यापुढे धरला. रियाजनं तो वाचला आणि बोलायला लागला. त्याला स्वतःचा आवाज कळत नव्हता, त्यामुळे तो खूप मोठ्यानं बोलला, बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत जाईल इतक्या.

"कानावर मारलं, साहेब. दोन्ही हातांनी, एकदम. मी म्हणालो मिक्सर मी घेतला नाही, की परत मारायचे. आता शिट्टी वाजती नुसती. दुसरं काही येत नाही."

जैनब खाली बसली. न्यायाधीशांनी लगेच वैद्यकीय तपासणीचा आदेश दिला आणि जामीन दिला. ते म्हणाले, या गुन्ह्यात आधी नोटीस का दिली नाही, याचा खुलासा करा. पोलिसांच्या बाजूनं उत्तर आलं, की अटक कालच झाली, आरोपीच्या कानाची तक्रार जुनी असावी.

जुनी! कान तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी अमिनाबीला बाजूला घेऊन सांगितलं, की दोन्ही पडदे फाटलेत. पडदे कदाचित भरून येतील, पण उजव्या कानाची आतली नस गेली आहे. डावा थोडा राहील. किती, ते सांगता येत नाही.

महिन्याभरानं मिक्सर सापडले. दुकानातल्याच एका कामगारानं ते नगरला विकले होते. पोलिसांनी कोर्टात अहवाल दिला, की रियाजविरुद्ध पुरावा नाही. दुकानमालक पेढे घेऊन घरी आला आणि मान खाली घालून बसला. जैनबनं पेढे घेतले नाहीत. रियाज त्याच्या ओठांकडे बघत होता. तो गेल्यावर रियाजनं विचारलं, "काय म्हणाला?"

"माफी मागत होता," जैनबनं बोटांनी आणि तोंडानं सांगितलं.

"बरं," रियाज म्हणाला.

तो बुधवारातल्या टेबलावर परत जाऊन बसला. एका मंडळाचा जुना अॅम्प्लिफायर आला. त्यानं डोळे मिटून कान लावला, मग दुसरा कान लावला, मग हात लावून बघितला. मंडळाची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांतल्या एकानं हळूच मशीन उचललं आणि म्हणाला, "राहू दे रियाजभाई, घाई नाही." त्याचा अर्थ रियाजनं ओळखला. पुढच्या आठवड्यात टेबल दुसऱ्याला देऊन टाकलं.

अभिप्रायाच्या बैठकीचा दिवस जवळ आला तेव्हा जयसिंग आला. त्या सकाळनंतर पहिल्यांदाच. रियाज घरात नव्हता. जयसिंग उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, "आत या" म्हटलं तरी आला नाही.

"भाभी, साहेबांनी पाठवलंय. म्हणत्यात, झालं ते गैरसमजातनं झालं. बैठकीला तुमी या आन् नेहमीसारखं दोन शब्द बोला. न्हाईतर येऊ नका, आजारी हाय म्हणून सांगतो मी."

अमिनाबीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या कपाळावरचा जुना व्रण घामानं चमकत होता.

"तुम्हाला माहीत होतं का, भाऊ? नेताना?"

"आईशप्पथ न्हाई. मला वाटलं इचारतील आन् सोडतील. मला बंदोबस्ताला धाडलं. दुसऱ्या दिवशी मी मधेच ठाण्यात आलो व्हतो, डबा खायला. मागच्या खोलीचं दार उघडं व्हतं. पोरगा भिंतीला टेकून बसलेला, कान धरून." त्यानं कपाळ पुसलं. "मी साहेबांना म्हणलं, साहेब, हे अमिनाभाभीचं पोर हाय, कमिटीतल्या. तर साहेब म्हणले, म्हणूनच तर, जयसिंग. आपला म्हणून कमीच मारलाय."

अमिनाबी दाराला धरून उभी राहिली.

"मग तुम्ही काय केलंत?"

"डबा न खाता बंदोबस्तावर गेलो," जयसिंग म्हणाला. "दोन वर्षांत रिटायर हाय, भाभी. गावाकडची जमीन तर सगळी रिंगरोडात आन् बिल्डरच्यात गेली. पेन्शनच हाय."

"जा तुम्ही, भाऊ," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी आजारी नाही."

त्याच दुपारी ती कोपऱ्यावर बायडाबाईच्या भाजीपाशी गेली आणि जमिनीवरच बसली. बायडाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती.

"बजरंग कसा आहे?"

"चालतोय आता. थंडीत दुखतं."

"मी त्या वेळी तुला जे बोलले..."

"बसा निवांत," बायडाबाई म्हणाली आणि एक जुडी बांधून बाजूला ठेवली. "तुमच्या पोराचं कळलं. लई वाईट झालं. चांगलं पोर." बस, एवढंच. अमिनाबीला वाटत होतं, की ती टोमणा मारेल, आणि त्यासाठी ती मनाची तयारी करून आली होती. टोमणा आला नाही. ती तशीच बसून राहिली आणि थोड्या वेळानं मेथी निवडायला लागली.

बैठक महापालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये होती. पुढे हार-तुरे, मागे बॅनर. वरून आलेले अधिकारी सभ्य होते, त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. व्यापारी संघाचे एक गृहस्थ बोलले, गस्त वाढली आहे. कॉलेजची एक मुलगी बोलली, आता छेडछाड कमी झाली. दोन्ही खरं होतं. मग रियाजशेजारी बसलेली अमिनाबी उठली. सर्जेराव खुर्चीत पुढे सरकले.

"मी अमिनाबी, बालवाडीची ताई. दरवर्षी इथे उठून मी सांगत आले, आमचे पोलीस चांगले आहेत. मी खोटं बोलत नव्हते. माझ्याशी ते चांगलेच वागले. खुर्ची दिली, चहा दिला. मी तेवढ्यावर मार्क देत गेले." तिनं सर्जेरावांकडे पाहिलं. "माझा मुलगा आतल्या खोलीत होता ना, साहेब, तेव्हासुद्धा मला चहा दिला होता. मी प्यायले."

ती वरून आलेल्या अधिकाऱ्यांकडे वळली.

"तुम्ही विचारता, पोलीस तुमच्याशी कसे वागतात. आम्हाला काय विचारता? आम्ही बाहेर बसणारे. आत नेलेल्यांना विचारा. बजरंगला विचारा. हा माझा रियाज, याला विचारा. पण याला लिहून विचारावं लागेल, ऐकू येत नाही. भिंतीवर तुम्ही कायदा लावलाय, तो मी बायकांना वाचून दाखवला. आणि मुलाला घेऊन मीच गेले. कायदा पाळतील, असं मला वाटलं होतं."

ती खाली बसली. अधिकाऱ्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "ताई, तुमचं दुःख मला समजतं. पण वैयक्तिक तक्रारीचा मार्ग वेगळा आहे. आपण लेखी द्या, मी स्वतः लक्ष घालीन." ते खरोखर वाईट वाटून बोलत होते. मागच्या रांगेतून वासंतीबाई म्हणाल्या, "लेखी दिलेलंच आहे. तीन ठिकाणी. पोच आहे." कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

शेवटी सगळ्यांनी गुण भरले. त्यांची सरासरी काढली गेली. त्या वर्षी ठाण्याचा दुसरा नंबर आला.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्राधिकरणापुढे सुनावणी लागली तेव्हा अडचण एकच होती. रियाज अटकेच्या आधी ठाण्यात होता, हे सांगणारं कुणी नव्हतं. कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं गेलं होतं, अंमलदाराला आठवत नव्हतं, आणि आई तर आईच. वासंतीबाई म्हणाल्या, "तुमच्या त्या हवालदारांनी तोंड उघडलं तरच." अमिनाबी म्हणाली, "मी त्यांना सांगणार नाही. एकदा त्यांनी सांगितलं आणि मी ऐकलं. आता मी सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं, असं नको."

सुनावणीच्या दिवशी जयसिंग आला. साध्या कपड्यांत, बायको मैनाला बरोबर घेऊन. त्यानं अमिनाबीकडे पाहिलं नाही. त्यानं सांगितलं, की त्या सकाळी तोच रियाजला बोलवायला गेला होता, दुसऱ्या दिवशी त्यानं रियाजला मागच्या खोलीत पाहिलं, आणि साहेब काय म्हणाले ते. "आपला म्हणून कमीच मारलाय," हे शब्द त्यानं जसेच्या तसे सांगितले आणि रडायला लागला. पन्नाशी ओलांडलेला, मिशा पिकलेला माणूस तोंडावर रुमाल धरून रडत होता, आणि मैना त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. रियाज त्याच्याकडे बघत होता. काय चाललंय ते त्याला जैनब कागदावर लिहून देत होती. शेवटचं वाक्य तिनं लिहिलं नाही.

निकाल रियाजच्या बाजूनं लागला. त्याला बेकायदा डांबून ठेवलं आणि मारलं, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. खात्याची चौकशी करा, असंही म्हटलं होतं. सर्जेरावांची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली. चौकशी सुरू झाली आणि सुरूच राहिली. जयसिंगला ठाण्यातून काढून वाहतूक शाखेत टाकलं. निवृत्त होईपर्यंत तो स्वारगेटच्या चौकात उन्हात उभा असे. अमिनाबी बसमधून जाताना त्याला बघायची. एकदा सिग्नलला त्यांची नजरानजर झाली. त्यानं हात थोडा वर केला. तिनंही केला. बस सुटली.

दरम्यान जैनबला मुलगी झाली. रियाज आता बुधवारातच एका गोदामात केबलची बंडलं बांधतो. डाव्या कानाला यंत्र लावलं आहे. त्यातून आवाज येतात, पण सगळे एकातएक मिसळून, त्यामुळे तो बहुतेक वेळा ते काढून खिशात ठेवतो. मुलगी रडली की त्याला कळत नाही, म्हणून ती झोपली की तो तिच्या पोटावर हात ठेवून बसतो. रडण्याआधी पोट हलतं, हे त्यानं शोधून काढलं आहे.

त्यानं आईला कधी दोष दिला नाही. उलट इतका नीट वागत राहिला, की अमिनाबीला ते सोसवेना. एका रविवारी दुपारी तो गच्चीवर मुलीचे कपडे वाळत घालत होता. जैनब खाली होती. अमिनाबी वर गेली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बेटा, तू नको म्हणत होतास. मीच तुला घेऊन गेले. मला माफ कर."

हे वाक्य तिनं मनात किती वेळा म्हटलं असेल. पण बोलताना तिचे ओठ थरथरत होते आणि पदर तोंडाशी गेला होता.

रियाजनं तिच्याकडे लक्ष देऊन पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या. हातातलं झबलं दोरीवर टाकलं आणि जवळ आला.

"काय म्हणालात, अम्मी? परत बोला. हळू, तोंड दिसेल असं."

अमिनाबीनं तोंडावरचा पदर काढला. त्याच्या डोळ्यांत बघितलं. तोंड उघडलं, पण दुसऱ्यांदा तिला ते म्हणता आलं नाही.

"जेवायला चल," ती म्हणाली.

"हां," रियाज म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे. एवढे घालतो आणि येतो."